रिकामं बघवत नाही

पूर्वी कंपनीत नवा सर्व्हर येणं हा सोहळा असे. आधी मागणीपत्र, मग तीन कोटेशनं, मग त्यांतलं सगळ्यांत स्वस्त कोटेशनही महाग कसं आहे यावर पर्चेसवाल्यांचं निरूपण, आणि मग ऑर्डर. दीड-दोन महिन्यांनी टेम्पो जकात नाक्यावर अडकल्याचा फोन येई. शेवटी चार हमाल ते धूड जिन्यावरून वर चढवत आणि ‘सावकाश, सावकाश’ असं ओरडण्याचं काम आयटीचे साहेब जातीने करत. नारळ फुटे, कुंकवाचं स्वस्तिक उमटे, मालमत्तेच्या रजिस्टरात नोंद होऊन यंत्राच्या कपाळी नंबराचं स्टिकर लागे. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडे, पाकळ्या पंख्यात जात आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिनीअरला बोलावणं धाडावं लागे.

एवढ्या थाटात आलेला हा सर्व्हर दिवसभर करी काय? बहुतेक वेळ काहीच नाही. पगाराचा सर्व्हर महिनाअखेरीला घाम गाळी. हजेरीचा सर्व्हर पाळी बदलताना दहा मिनिटं धावपळ करी. एरवी प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांवर गेला तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. दोघांना एकाच यंत्रावर बसवावं तर तीही सोय नव्हती. ‘आमच्या सॉफ्टवेअरशेजारी दुसरं काही टाकलंत तर सपोर्ट विसरा,’ असं प्रत्येक विक्रेता बजावून गेलेला. त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र सर्व्हर, त्या सर्व्हरांना यूपीएस, आणि सगळ्यांना मिळून इतका गार एसी, की मे महिन्यात अकाउंट्सची मंडळी ‘जरा नेटवर्क बघून येतो’ म्हणत डबा घेऊनच आत शिरत.

मग एक दिवस कन्सल्टंट आला. त्याने पडद्यावर एक आलेख दाखवला. बारा सर्व्हरांच्या बारा रेघा, सगळ्या तळाशी लोळत पडलेल्या. संचालकांचा चेहरा बदलला. ‘म्हणजे नव्वद टक्के यंत्रं रिकामी बसून पगार खातायत?’ असाच आलेख त्या बैठकीतल्या माणसांचा कुणी काढला नाही, म्हणून बैठक पुढे चालू राहिली. तीन दणकट सर्व्हर, म्हणजे होस्ट, घ्यायचे, त्यांवर हायपरवायझर बसवायचा, आणि बाराच्या बारा सर्व्हर त्यांच्या पोटात आभासी करून टाकायचे, असं ठरलं. विजेचं बिल कमी, एसी कमी, जागा कमी. रिकामेपणाचं नामोनिशाण राहणार नव्हतं.

हायपरवायझर म्हणजे खरं यंत्र आणि त्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये बसलेला एक थर. प्रत्येक सिस्टिमला तो बिनदिक्कत सांगतो, की हे सगळं यंत्र तुझ्या एकटीचं. त्या बापड्या विश्वास ठेवतात. कन्सल्टंट याला ‘लेटेस्ट’ म्हणाला, पण ही थाप साठ वर्षं जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमच्या केंद्रात १९६०च्या दशकात सीपी-४० नावाची प्रणाली बांधली गेली. एकाच मोठ्या संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्याला अख्खा संगणक मिळालाय असं वाटावं, अशी तिची रचना होती. १९७२ साली आयबीएमने हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने गिऱ्हाइकांपुढे ठेवली. पुढे स्वस्त, लहान संगणकांचा काळ आला. त्यांतल्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरच्या काही आज्ञा मात्र अशा होत्या, की थाप मारताच बिंग फुटायचं. त्यावर उपाय काढला तो १९९८ साली कॅलिफोर्नियात पाच जणांनी मिळून काढलेल्या व्हीएमवेअर या कंपनीने. त्या पाचांमध्ये डायन ग्रीन आणि मेंडेल रोझेनब्लम हे एक दांपत्य होतं. एकाच मिळकतीवर अनेकांची सोय लावून प्रत्येकाला ‘सगळं तुझंच आहे’ असं पटवून देण्याची कला संसारी माणसांना साधली, यात नवल नाही. २००१ साली त्यांचा सर्व्हरसाठीचा ईएसएक्स आला. २००३ साली चालू यंत्र एका होस्टवरून उचलून दुसऱ्यावर नेण्याची व्हीमोशनची किमया आली, तीही वापरणाऱ्याला पत्ता न लागू देता. २००५पासून तर खुद्द इंटेलने आपल्या प्रोसेसरमध्येच या थापेची सोय करून दिली.

तर योजना ठरली. योजनेची पहिली पायरी म्हणजे आपल्याकडे काय काय आहे ते मोजणं, आणि बहुतेक योजना इथेच घसरतात. रजिस्टरात बारा सर्व्हर, मोजले तर चौदा. तेरावा मार्केटिंगच्या टेबलाखाली पाय टेकवायला वापरत होते. चौदावा कशासाठी आहे हे कुणालाच ठाऊक नाही, पण त्याचा दिवा लुकलुकतोय. अशा वेळी जगभरच्या आयटीवाल्यांकडे एक सिद्ध पद्धत आहे: यंत्र बंद करायचं आणि बोंब कुठून येते ते बघायचं. आठवडाभर शांतता होती. मग गेटवरून फोन आला, की वजनकाट्याची पावती निघत नाही आणि बाहेर ट्रकांची रांग लागली आहे.

दुसरा अडथळा डोंगलचा. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा परवाना अंगठ्याएवढ्या एका यूएसबी डोंगलमध्ये राहतो. आभासी यंत्राला, म्हणजे व्हीएमला, सगळं आभासी देता येतं, पण डोंगल हा खराखुरा प्राणी आहे आणि त्याला खरंखुरं भोक लागतं. एका होस्टला तो डकवला, की त्याची व्हीएम त्या होस्टच्या दाव्याला बांधली गेली. मग इकडून तिकडे हलण्याची किमया राहिली कागदावर. शेवटी डोंगल नेटवर्कवरून पोचवणारी एक वेगळी डबी विकत आणावी लागते. ती रॅकवर ठेवून तिच्यावर लाल अक्षरांत ‘हात लावू नये’ असं लिहितात, आणि साफसफाई करणाऱ्या मावशी ती रोज न चुकता पुसतात.

तिसरी पायरी कुणाला किती द्यायचं ते ठरवण्याची. पूर्वी मेमरी वाढवायची तर खिशाला चटका बसे, म्हणून लोक बेताने मागत. आता ती माऊसच्या दोन टिचक्यांवर मिळते म्हटल्यावर प्रत्येक खातं चौसष्ट जीबीच्या खाली बोलेना. विक्रेत्यांच्या अपेक्षा तर राजेशाही असतात: आठ प्रोसेसर पाहिजेत. का, तर आमच्या कागदावर तसं लिहिलंय. गंमत अशी, की गर्दीच्या होस्टवर आठ प्रोसेसरवाली व्हीएम पुष्कळदा दोनवालीपेक्षा हळू चालते, कारण एका वेळी बरेच कोअर मोकळे मिळण्याची वाट बघत तिला ताटकळावं लागतं. कमी करा, वेग वाढेल, असं सांगावं तर मॅनेजर संशयाने बघतो. आपलं काढून एचआरला देतायत, अशी त्याची खात्री पटते.

यावर हायपरवायझरची युक्ती आपल्या मंगल कार्यालयांतल्या मुरब्बी आचाऱ्याचीच आहे. पत्रिका आठशे गेल्या तरी तो पाचशे पानांचा स्वयंपाक करतो, कारण सगळे एकाच पंगतीला येत नाहीत हे त्याला ठाऊक असतं. तसंच इथे सर्वांना मिळून कबूल केलेली मेमरी आणि डिस्क प्रत्यक्षात असतेच असं नाही. मेमरीची ओढाताण झाली, की हायपरवायझर व्हीएमच्या आत एक फुगा फुगवतो. बलून असंच त्याचं अधिकृत नाव आहे. त्या फुग्याने जागा अडवली, की आतली सिस्टिम नको असलेलं बाहेर काढते आणि ती मेमरी दुसऱ्या गरजूला मिळते. सगळं सुरळीत चालतं ते महिनाअखेरीपर्यंत. त्या दिवशी पगार, साठ्याची मोजणी आणि विक्रीचा अहवाल हे तिघे एकदम पहिल्या पंगतीला येऊन बसतात.

आता मुख्य मुद्दा. तीन होस्ट घेतले ते एक पडला तर उरलेल्या दोघांनी त्याचा भार उचलावा म्हणून. हिशोब सोपा आहे: प्रत्येकाने दोन तृतीयांशच काम घ्यायचं आणि एक तृतीयांश मोकळं ठेवायचं. एक जण बसला तर बाकीचे दोघे तुडुंब भरतील, पण कारखाना चालू राहील. योजनेच्या पन्नास पानांत खरं महत्त्वाचं वाक्य हे एवढंच. पण ज्या कंपनीने ‘रिकामं का?’ या एका प्रश्नापोटी जुनी यंत्रं मोडीत काढली, तिला नव्या यंत्रांचा तिसरा भाग रिकामाच ठेवायचाय हे सांगणार कोण?

सहा महिन्यांनी फायनान्सवाल्यांनी आलेख पाहिलाच. ‘अजून तेहतीस टक्के शिल्लक आहेत की! मग नवीन ईआरपीसाठी वेगळी मागणी कशाला?’ ती शिल्लक नाही, ती अडीअडचणीची तरतूद आहे, असं आयटीच्या साहेबांनी समजावून पाहिलं. ‘अडचण येईल तेव्हा बघू,’ हे उत्तर ठरलेलं. जुनी यंत्रं गेल्यावर अर्धी मोकळी झालेली सर्व्हर रूमसुद्धा महिन्याभरात दिवाळीच्या भेटींची खोकी, बंद पडलेले मॉनिटर आणि वार्षिक दिनाचा फोल्डिंगचा स्टेज यांनी भरून गेली होती. तिथे मेमरीची काय कथा?

शिवाय पूर्वी नव्या सर्व्हरच्या आड पर्चेस, जकात आणि जिना येत असे. आता आड काहीच येत नाही. कुणी जिन्यात भेटून ‘एक छोटंसं मशिन द्या हो, टेस्टिंगला,’ म्हणतो आणि चहा निवायच्या आत ते तयार होतं. वर्षभराने यादी बघावी तर टेस्ट, टेस्ट-नवीन, टेस्ट-फायनल, टेस्ट-फायनल-खरं आणि डिलीट-करू-नका अशी कुळं पसरलेली. त्यांतली निम्मी ज्याने मागितली तो मुलगा बंगळुरूला दुसऱ्या नोकरीत रुळलाय. काढून टाकायचं धाडस मात्र कुणी करत नाही. वजनकाट्याचा अनुभव ताजा असतो. ‘असू दे, खायला थोडंच मागतंय?’ खातं ना! मेमरी खातं, डिस्क खातं, अँटिव्हायरसचा परवाना खातं, आणि त्याच्या सिस्टिमची दुरुस्ती कुणीच करत नसल्यामुळे चोराला खिडकी उघडी ठेवून देतं.

हायपरवायझरला या गर्दीची जाण असते. एक होस्ट पडला तर बाकीच्यांत मावणार नाही इतक्या व्हीएम झाल्या, की ॲडमिशन कंट्रोल नावाची सोय पुढच्या व्हीएमला दारातच अडवते. आपल्या मुलखात ॲडमिशन नाकारली तर माणूस गप्प बसत नाही. मॅनेजरने संचालकांना सांगितलं, संचालकांनी साहेबांना, आणि साहेबांनी एका टिचकीत ती सोय बंद केली. सावधगिरीचा इशारा देणारं यंत्र गप्प झालं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

हीच तऱ्हा स्नॅपशॉटची. कुठलाही बदल करण्याआधी व्हीएमचा स्नॅपशॉट घ्यावा, बिघडलं तर मागे यावं, निभावलं तर स्नॅपशॉट पुसून टाकावा. तो बहात्तर तासांहून जास्त ठेवू नका, असा व्हीएमवेअरचा सल्ला आहे. आमच्याकडे तो बारशापासून लग्नापर्यंत ठेवतात. स्नॅपशॉट घेतल्यानंतरचा प्रत्येक बदल एका वेगळ्या फाइलीत साठत राहतो. ती फाइल फुगत फुगत एका रविवारी सगळी डिस्क गिळते, आणि तिच्या जिवावर जगणाऱ्या व्हीएम जागच्या जागी थिजतात. ‘पण बॅकअप आहे ना?’ असं विचारलं, की त्याच स्नॅपशॉटकडे बोट जातं. तो बॅकअप नव्हेच. मूळ फाइल गेली की त्याला काही अर्थ उरत नाही. ज्यांच्याकडे खरा बॅकअप असतो, त्यांचा बॅकअप सर्व्हर बहुधा त्याच तीन होस्टांवरची आणखी एक व्हीएम असतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली, तेव्हा काही गिऱ्हाइकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच आगीत गेल्या. दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी एवढी साधी गोष्ट. पण दुसऱ्या गावची जागाही कुणाला तरी रिकामीच वाटते.

आणि सुरक्षा? पूर्वी सर्व्हर चोरायचा तर टेम्पो लागे, शिवाय तो वॉचमनसमोरून न्यावा लागे. आता सर्व्हर म्हणजे काही फाइली, आणि त्या खिशात मावतात. बारा दारांना बारा कुलपं होती, तिथे आता एकच दार आहे: हायपरवायझरचं. त्याची किल्ली कुठे असते? चौघांत मिळून एक पासवर्ड, तोही मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर. पासवर्ड नीट सांभाळून ठेवणारे साहेब तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवतात, आणि तो पासवर्ड मॅनेजर त्याच होस्टवरच्या व्हीएममध्ये असतो. वीज जाऊन सगळं बसलं, की ती व्हीएम सुरू करायला पासवर्ड लागतो.

यंत्रांचा भोळेपणाही माणसांहून कमी नाही. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय होस्ट कंपनीच्या डोमेनला जोडलेला असेल आणि डोमेनमध्ये ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ या नावाचा गट असेल, तर तो होस्ट त्या गटातल्या सगळ्यांना आपले मालक मानायचा. गट कुणी काढला, कधी काढला, याची चौकशी नाही. नुसतं नाव बघून सलाम. चोरांनी डोमेनमध्ये शिरून त्या नावाचा गट काढायचा, की झाले मालक. लुटारू याचा फायदा घेतायत हे मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४मध्ये जाहीर केलं. त्याआधी २०१५ साली ‘व्हेनम’ नावाचं भोक सापडलं होतं ते तर आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये. फ्लॉपी घराघरांतून हद्दपार झाल्याला जमाना लोटला, पण झेन आणि केव्हीएम या हायपरवायझरांवरच्या व्हीएमना कुणीतरी मायेने ती जोडून ठेवलेली. २००४पासून ते भोक तसंच होतं. ड्राइव्ह बंद केला असला तरी कोड आत जिवंत होता, आणि त्यातून व्हीएमच्या बाहेर, थेट होस्टमध्ये उडी मारता येत होती. नको असलेलं काढून न टाकण्याची खोड फक्त आपल्याच कार्यालयांत आहे असं समजून कुणी खंत करू नये.

हे सगळे धागे एका घटनेत गुंतलेले दिसतात. ईएसएक्सआयमधल्या एका दोषावर फेब्रुवारी २०२१मध्येच दुरुस्ती आली होती. ती न लावलेल्या होस्टांवर फेब्रुवारी २०२३मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने धाड घातली, आणि अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेच्या नोंदीप्रमाणे जगभरातले ३,८०० हून अधिक सर्व्हर त्यात सापडले. दोन वर्षं दुरुस्ती हाताशी असून लोकांनी लावली का नाही? कारणं सांगायला कुणी थकत नाही. होस्ट रीस्टार्ट करावा लागतो. आज महिनाअखेर आहे. उद्या जीएसटीचं रिटर्न. परवा परदेशी पाहुणे. मग ऑडिट. मग गणपती. आणि गणपतीत कोण काम करतं?

खरं तर रीस्टार्टसाठी कुणाची परवानगीसुद्धा लागायला नको. एका होस्टवरच्या सगळ्या व्हीएम व्हीमोशनने बाकीच्या दोघांवर हलवायच्या, मोकळा झालेला होस्ट भरदिवसा दुरुस्त करायचा, मग दुसरा, मग तिसरा. कुणाचा चहासुद्धा थांबत नाही. फक्त हलवायला जागा पाहिजे. आणि ती जागा म्हणजे तोच एक तृतीयांश, जो ईआरपीने, टेस्ट-फायनल-खरंने आणि डिलीट-करू-नकाने भरून टाकलाय. जागा नाही म्हणून हलवता येत नाही, हलवता येत नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून चोराला आत यायला मोकळी वाट. रिकामेपणाची चीड आली म्हणून ज्या तंत्राकडे वळलो, त्याची सगळी सुरक्षा थोडा रिकामेपणा सांभाळण्यावर उभी आहे, हा विनोद कुठल्याही कन्सल्टंटच्या स्लाइडवर नसतो.

त्यात आता परवान्याची भर पडली. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने सुमारे ६९ अब्ज डॉलरना व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरात एकदाच पैसे भरून घ्यायचे कायमचे परवाने विकणं बंद केलं. आता वर्गणी, आणि तीही कोअर मोजून. प्रोसेसरमध्ये सोळाहून कमी कोअर असले तरी सोळाचेच पैसे. म्हणजे मोकळ्या ठेवलेल्या तिसऱ्या भागालाही दरवर्षी वर्गणी पडते. तेव्हापासून कुणी व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सचं नाव घेतो, कुणी मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचं. वाट कुठलीही धरा, हिशोबाचं ते वाक्य तेच राहतं. फायनान्सवाले मात्र आता आलेखाकडे भिंग लावून बघतात.

एका कारखान्यातल्या आयटी मॅनेजरने यावर काढलेला तोडगा मला मोठा शास्त्रीय वाटतो. त्यांनी प्रत्येक होस्टवर एक-एक व्हीएम काढली आणि होस्टचा तिसरा हिस्सा मेमरी तिच्या नावाने राखून ठेवली. त्या व्हीएमच्या आत काही नाही, ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा नाही. एखादा होस्ट पडला किंवा दुरुस्तीला काढला, की बाकीच्या दोघांवरच्या या व्हीएम बंद करायच्या, आणि जागा मोकळी. दर महिन्याला तिन्ही होस्टांची दुरुस्ती बिनबोभाट होते. त्या तिघींची नावं त्यांनी ठेवली आहेत ऑडिट-१, ऑडिट-२ आणि ऑडिट-३.

यंदाच्या बजेटच्या बैठकीत फायनान्सचे साहेब लाल पेन घेऊन यादीवरून उतरत होते. टेस्ट काय आहे? काढा. टेस्ट-नवीन? काढा. डिलीट-करू-नका? कोण म्हणतो करू नका, करा. पेन खाली सरकत ऑडिटपाशी आलं आणि थांबलं. साहेबांनी चष्मा वर केला, आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘एवढं पुरतं ना हो? त्यांच्या कामात काही कमी पडायला नको. लागला तर चौथा होस्ट घ्या.’